सीएफ असलेल्या लहान पोराची छाती कशी सांभाळायची: गोव्यातल्या नव्या आईबापांसाठी

आमच्या बायला सीएफ म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस आहे हे कळलं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, आता पाच वर्षांची आहे. मधल्या काळात जे शिकलो ते सलग असं कोणी बसून सांगितलं नाही, थोडं डॉक्टरनी, थोडं फिजिओच्या मॅडमनी आणि बरंचसं स्वतः आपटून कळलं. म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस इथे शोधू नका, तो वजनावर आणि रिपोर्टवर ठरतो आणि तुमच्याच डॉक्टरनी ठरवायचा. पण डोसच्या आजूबाजूचं सगळं काम घरात होतं आणि ते कोणी शिकवत नाही.

आधी आजार थोडक्यात. सीएफटीआर नावाचं एक जनुक असतं, ते १९८९ मध्ये सापडलं. ते बिघडलं की पेशींतून मीठपाण्याची ये-जा नीट होत नाही, मग फुफ्फुसातला कफ पातळ न राहता डिंकासारखा होतो. आपण दिवसभर नकळत जो कफ वर ढकलतो तो या पोरांच्या छातीत तसाच बसून राहतो, त्यात जंतू घर करतात, सूज येते, आणि ती सूजच हळूहळू श्वासनलिका खराब करते. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता, त्यामुळे "तुमच्या घरातून आलं" हे भांडण पहिल्याच दिवशी मिटवून टाका. घामात मीठ जास्त जातं. आमची आजी पापी घेऊन म्हणायची, पोर दर्यातून काढल्यासारखं खारं लागतं, आणि आम्ही हसायचो. नंतर स्वेट टेस्ट, म्हणजे घामाची तपासणी झाली. क्लोराइड ६० किंवा वर आलं तर सीएफ धरतात, ३० च्या खाली असेल तर शक्यता कमी, मधलं आलं तर पुढच्या तपासण्या. आमचं ६० च्या बरंच वर आलं. त्याआधी दमा म्हणून औषधं झाली, मग टीबीची शंका झाली. आपल्याकडे हे खूप घरांत होतं, कारण खोकला आणि वजन न वाढणं दोन्हीकडे सारखंच दिसतं.

पहिलं काम: पोर बरं असताना त्याचा खोकला ओळखा

हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सीएफच्या पोराचं इन्फेक्शन बऱ्याचदा ताप न येता येतं. आपण ताप बघत बसतो आणि तिकडे छाती भरत असते. त्यामुळे "आज काही नाही" अशा दिवशी एक वही घ्या. सकाळी उठल्यावर किती खोकते, ओला की सुका, रात्री खोकल्याने उठते का, जेवण किती जातं, वजन किती, आणि झोपेत श्वास किती. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान पोरांचा श्वास एकसारखा चालत नाही. सर्वसाधारण हिशेब असा की दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे जलद, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद. पण या आकड्यांपेक्षा तुमच्या पोराचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा. आमची झोपेत २४-२६ असते, एकदा तीन रात्री ३४ लागले, ४० च्या खूप खाली तरी बिघडलेलं होतं. वही नसती तर मला कळलं नसतं, बायकोला कळलं असतं कदाचित, तिला तसंही सगळं आधी कळतं.

दुसरं काम: रोजचा नेब्युलायझर आणि फिजिओ

नेब्युलायझर म्हणजे औषधाचा फवारा करून श्वासातून देणारं मशीन, फिजिओ म्हणजे छातीतला कफ वर आणायचे व्यायाम. बरं असताना दोन्ही दिवसातून दोनदा. क्रम महत्त्वाचा आहे आणि नव्या घरात तोच उलटा होतो. आधी श्वासनलिका उघडणारं औषध, म्हणजे साल्ब्युटामॉल वगैरे, दिलं असेल तर. मग दहा-पंधरा मिनिटांनी हायपरटॉनिक सलाईन, म्हणजे जाड मिठाचं पाणी, ते कफात पाणी ओढतं आणि पातळ करतं. मग फिजिओ करून तो कफ वर आणायचा. श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक चालू असेल तर ते सगळ्यात शेवटी, रिकाम्या झालेल्या छातीवर, नाहीतर ते कफावरच बसतं आणि खोकल्याबरोबर बाहेर. डॉर्नेझ अल्फा (कफ पातळ करणारं औषध) दिलं असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि नेब्युलायझरच्या कपात दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही, वेळ डॉक्टरना विचारा. सलाईन ३ टक्के का ७ टक्के हेही तेच सांगतील, पण पहिला डोस दवाखान्यात त्यांच्यासमोर द्या, काही पोरांची छाती त्याने आवळते.

मास्क चेहऱ्याला चिकटून हवा. पोर रडतं म्हणून आपण मास्क चार बोटं लांब धरून फवारा नाकाकडे सोडतो आणि वाटतं गेलं औषध, ते गेलेलं नसतं, खोलीत गेलेलं असतं. रडतानाही औषध आत नीट पोचत नाही. आम्ही दोन आठवडे नुसता बंद मास्क खेळायला दिला, बाहुलीला लावला, आजीला लावला, मग मशीन चालू केलं. मोबाईलवर कार्टून लावतो, हो, लावतो, त्यावर कोणी ज्ञान देऊ नये.

फिजिओ पहिल्यांदा शिकवणाऱ्याकडूनच शिका, व्हिडिओ बघून नाही. बाळ असेल तर तळहात वाटीसारखा करून छातीच्या वेगवेगळ्या भागांवर पातळ कपड्यावरून थापटायचं. आवाज पोकळ यायला हवा, चापट मारल्यासारखा नको. पाठीच्या मणक्यावर, पोटावर, बरगड्यांच्या खाली नाही. पूर्वी डोकं खाली करून धरायचे, आता बाळांना तसं धरायला नको सांगतात कारण पोटातलं वर येतं. जेवणाआधी करा, किंवा जेवून दीड-दोन तासांनी, नाहीतर पेज, दूध, एंझाइम (जेवण पचायला देतात ते औषध) सगळं तुमच्या अंगावर. तीन वर्षांच्या आसपास पोर फुंकायला शिकलं की मजा येते. साबणाचे फुगे, पिसं फुंकणं, आणि आरशावर "हाऽऽ" करून वाफ धरायची, तो हफिंगचाच खेळ आहे, कफ वर आणतो. नळीने पाण्यात बुडबुडे काढायचा प्रकारही फिजिओ शिकवतात, पण त्या बाटलीतलं पाणी रोज नवं आणि बाटली रोज धुतलेली, साचलेलं पाणी आपला शत्रू आहे. पलंगावर उड्या मारणं, पळणं, खदाखदा हसणं, हेही चालतं, फिजिओच्या जागी नाही पण त्याच्या जोडीला. आणि लहान पोरं कफ थुंकत नाहीत, गिळतात, कधी ओकतात. घाबरू नका.

खोकला दाबणारं सिरप देऊ नका. शेजारीण देईल, नातेवाईक देतील, रात्री झोप नाही म्हणून तुम्हालाही मोह होईल. खोकला हाच त्या पोराचा झाडू आहे.

तिसरं काम: ते मशीन स्वच्छ ठेवणं

इथे मी चुकलो म्हणून जरा लांबवतो. कप आणि मास्क प्रत्येक वेळी वापरल्यावर सुटा करून भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवायचा. दिवसातून एकदा उकळायचा, पाच मिनिटं खळखळून, अर्थात तुमच्या सेटच्या कागदावर उकळलेलं चालतं लिहिलं असेल तर, सगळी प्लास्टिक टिकत नाहीत. बाटल्या निर्जंतुक करायचं वाफेचं भांडं असेल तर तेही चालतं. उकळून झाल्यावर परत नळाखाली धरू नका, तिथेच मेहनत वाया जाते, खंगाळायचंच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने. व्हिनेगरवर भरवसा ठेवू नका. हवेची लांब नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर नुसतं मशीन चालवून सुकवायची.

आणि मग सुकवणं. मे महिन्यात प्रश्न नाही, पण जूननंतर आपल्याकडे टॉवेल चार दिवस सुकत नाही तिथे तो कप कसा सुकणार? आम्ही काय करायचो, धुऊन ओलाच झाकणाच्या डब्यात, धूळ नको म्हणून. स्वच्छतेच्या नादात जंतूंना मस्त ओली खोली बांधून दिली. त्या ऑगस्टमध्ये बायच्या स्वॅबमध्ये, म्हणजे घशातून घेतलेल्या नमुन्यात, स्यूडोमोनास नावाचा जंतू आला. त्याच डब्यातून आला असं मी सिद्ध करू शकत नाही, पण डबा त्याच दिवशी फेकला. आता दोन सेट आहेत, एक वापरात आणि एक पंख्याखाली स्वच्छ कापडावर सुटा पसरलेला, पूर्ण कोरडा झाल्याशिवाय जोडत नाही.

चौथं काम: स्वॅब, दर तीन महिन्यांनी, बरं असलं तरी

मोठी माणसं कफ थुंकून देतात, लहान पोरांचा घशातून खोकल्याच्या वेळी स्वॅब घेतात. शक्यतो फिजिओनंतर, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. फॉर्मवर "सीएफ" असं ठळक लिहायला लावा, कारण काही जंतू साध्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) वाढत नाहीत, लॅबला त्यासाठी वेगळं माध्यम लावावं लागतं. नाहीतर "नॉर्मल फ्लोरा", म्हणजे नेहमीचेच जंतू, असा रिपोर्ट येतो आणि आपण खुश. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स फाईलला, मोबाईलमध्येही फोटो.

रिपोर्टमध्ये काय दिसतं? लहान वयात बहुतेक स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस. मग तो स्यूडोमोनास एरुजिनोसा, ज्याचं नाव वाचून आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. आता शांतपणे सांगतो. पहिल्यांदा सापडला तर तो घालवता येतो, बऱ्याचदा जातो, पण लगेच मागे लागावं लागतं, पोर हसतंखेळतं असलं तरी. साधारणपणे टोब्रामायसिन श्वासातून दिवसातून दोनदा २८ दिवस देतात, कधी तोंडावाटे सिप्रोफ्लॉक्सासिन, कधी कॉलिस्टिन, तुमचे डॉक्टर ठरवतील. संपल्यावर परत स्वॅब. ढिलाई केली तर तो स्वतःभोवती चिकट थर करून बसतो आणि मग आयुष्यभराचा पाहुणा. आमचा २८ दिवसांत गेला, पुढचे तीन स्वॅब स्वच्छ आले. अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस, चवथीला गावी जायचं म्हणून दोन दिवस सोडायचे नाहीत.

पाचवं काम: बिघडतंय तेव्हा काय करायचं

खोकला नेहमीपेक्षा वाढला, ओला झाला, रात्री उठवायला लागला, पोर जेवणाला नाही म्हणतं, खेळता खेळता बसतं, वजन थांबलं किंवा उतरलं, श्वासाचा आकडा वाढला. यातलं एक-दोन दिसलं आणि दोन दिवसांत परत जागेवर आलं नाही तर फोन करा. साधी सर्दी झाली तरी कळवा, सर्दीच्या मागोमागच छाती भरते. फिजिओ दोनाचं तीन-चार वेळा करा, ते फोनची वाट न बघता सुरू करायला हरकत नाही.

थांबायचंच नाही अशा गोष्टी वेगळ्या: बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर, कफातून रक्त, पोर मलूल पडून राहतं, दूध-पाणी काहीच घेत नाही, किंवा ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली. मग १०८, किंवा जी गाडी दारात असेल ती. पहिल्यांदा मी बोट थंड असताना ऑक्सिमीटर लावून ८५ बघितलं आणि घरभर धावलो. हात गरम करून परत लावा, पण पोर खराब दिसत असेल तर आकडा चांगला आला म्हणून घरी बसू नका.

अँटिबायोटिकबद्दल एकच भांडण तुम्हाला वारंवार करावं लागेल. साध्या पोराला पाच दिवस देतात, सीएफच्या पोराला बहुधा दोन आठवडे आणि डोसही वरच्या बाजूचा. गावातला डॉक्टर किंवा फार्मसीवाला म्हणेल एवढं कशाला, आणि चौथ्या दिवशी पोर बरं दिसायला लागल्यावर आजी पण तेच म्हणेल. पूर्ण करा. औषध मागच्या स्वॅबवरून निवडतात, म्हणून ती फाईल. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर दुधाबरोबर देऊ नका, दुधातल्या कॅल्शियमने ते नीट लागत नाही, आणि त्या दिवसांत दुपारचं ऊन टाळा, कातडी भाजते. तोंडावाटे भागलं नाही तर ॲडमिट, दोन औषधं शिरेतून, साधारण दोन आठवडे. त्यातलं एक ॲमिकासिन किंवा टोब्रामायसिन जातीचं असेल तर किडनीची रक्ततपासणी आणि कानाची तपासणी कधी आहे ते स्वतःहून विचारा. सरकारी योजनेचं कार्ड असेल तर ॲडमिट होतानाच काय काय बसतं ते काउंटरवर विचारून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

आपल्या गोव्याचं वेगळं

पुस्तकातले सल्ले थंड देशांतले असतात, आपल्याकडे चार महिने भिंतींना बुरशी. कपाटाच्या मागे, गादीखाली, एसीच्या जाळीत. बुरशीतला ॲस्परजिलस या पोरांच्या छातीत ॲलर्जी करून बसतो. भिंत घासायची ती पोर घरात नसताना. कुळागरात माडाच्या झावळ्या, पालापाचोळा कुजत पडलेला असतो, तो उपसायच्या दिवशी पोराला मामाकडे पाठवा. गोठ्यातलं जुनं गवतही तसंच.

चिखल आणि साचलेलं पाणी, हे मी हात जोडून सांगतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मातीत एक जंतू असतो, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, त्याने मेलिऑइडोसिस होतो, पावसात केसेस वाढतात आणि सीएफच्या माणसांना त्याचा धोका जास्त. लॅबमध्ये कधी त्याला दुसराच समजतात. त्यामुळे माशेलचा चिखलकाला लांबून बघायचा, सांजावच्या सणाला बावीत (विहिरीत) उडी नाही, शेतात लावणीला बाबांबरोबर उतरणं नाही. बायला याचं खूप वाईट वाटतं, मलाही, माझं सगळं बालपण त्या चिखलात गेलं. समुद्र चालतो, नीट क्लोरीन असलेला पूल चालतो. कुठल्या हॉटेलात गरम पाण्याचा टब असेल तर नको. आणि पोर शेताच्या पाण्यात पडलंच, मागाहून ताप-खोकला आला, तर डॉक्टरना ते पाणी आठवणीने सांगा.

धूर. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, लसणीची सालं टाकून शेगडीची धुरी देतात ना, ती बंद. आईला वाईट वाटलं तरी बंद. चुलीचा धूर, उदबत्ती, मच्छर कॉइल, बापाची सिगरेट (माझी सुटली), नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतो तेव्हा खिडक्या बंद. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफारा देऊ नका, जाड कफाला त्याचा उपयोग नाही आणि भाजण्याची भीती मोठी.

मीठ. छातीच्या लेखात कशाला म्हणाल, तर घामातून मीठपाणी गेलं की कफ अजून घट्ट. आपल्या एप्रिल-मेच्या घामट उकाड्यात सीएफची बाळं नुसत्या मिठाच्या कमतरतेने मलूल होऊन, ओकून ॲडमिट होतात, रक्तात क्लोराइड आणि पोटॅशियम घसरतं. रोज वरून किती मीठ द्यायचं ते लिहून घ्या, आणि उन्हाळ्यात वाढवायचं का तेही. जेवण तुपाचं, नारळाचं, एंझाइम घेऊन. नाचणीच्या सत्त्वात तूप, पेजेत नारळाचा रस, अंडं, हुमण-भात. वजन धरलं की इन्फेक्शनशी झगडायला अंगात काहीतरी असतं.

राहिलेलं पटकन

नेहमीच्या सगळ्या लसी, त्यात न्यूमोकोकलची, आणि सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस महिन्याच्या अंतराने. बालवाडीत सांगा की हा खोकला बाकी पोरांना लागत नाही, उलट त्यांची सर्दी आमच्या पोराला महाग पडते. आमच्या बाईंनी तिला पंख्याजवळ वेगळं बसवलं होतं, जाऊन बोललो, मग ठीक झालं. दुसरं सीएफचं पोर भेटलं तर मात्र दोघांत दोन मीटर अंतर, मास्क, खेळणी वेगळी, कारण ती एकमेकांना आपापले जंतू देतात. कितीही वाटलं तरी वाढदिवसाला बोलवू नका, आईबापांनी फोनवर बोलावं. घरात दोघं भावंडं सीएफची असतील तर नेब्युलायझरचे सेट वेगळे. जनुकाच्या बिघाडावरची नवीन औषधं निघाली आहेत, त्यातलं एलेक्साकाफ्टर अमेरिकेत २०१९ पासून आहे, पण ती सगळ्या म्युटेशनना (जनुकातल्या बिघाडाच्या प्रकारांना) चालत नाहीत आणि किंमत आपल्या ऐपतीच्या बाहेरची, तरी जनुकाची तपासणी करून ठेवा, उद्या उपयोगी पडेल.

आमच्या दाराच्या मागे एक पिशवी टांगलेली असते. तीत फाईल, शेवटचा स्वॅब रिपोर्ट, सुका नेब्युलायझर सेट, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन (लाईट गेली की मशीनही गेलं, म्हणून), एंझाइम, ओआरएस, बाहुली, आणि वर एक कागद: "सीएफ आहे. खोकल्याचं सिरप नको. आधी स्वॅब, मग अँटिबायोटिक. सीएफचं दुसरं पेशंट असेल त्या खोलीत ठेवू नका." कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता तोंडातून शब्द फुटत नाहीत, तेव्हा मी तो कागदच पुढे करतो. खाली आमच्या डॉक्टरचा नंबर मोठ्या अक्षरात आहे, आणि त्याच्या बाजूला बायने पेनाने एक मासा काढलाय.